शशीनं धरलेली जागा

शशीच्या बायकोचा, माधवीवहिनींचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरच्या हार्बरफ्रंट भागातल्या ऑफिसात डबा उघडत होतो. "भाऊजी, शशी गेला हो..." एवढंच त्या बोलल्या. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि संपलंच सगळं. मी डबा तसाच बंद केला. त्याला आता सहा आठवडे झाले, पण शनिवार आला की मला अजून राग येतो. त्याच्यावर नाही, माझ्यावर.

आम्ही दोघं पुण्याचे. सिंगापूरला आलो तेव्हा बेडोकच्या एका फ्लॅटमध्ये एकत्र राहायचो. मी आयटीतला, तो सिव्हिल इंजिनिअर, इथल्या एका कॉलेजच्या इमारती सांभाळायचा. कॉलेजला फुटबॉलचं मैदान होतं. स्टेडियम वगैरे काही नाही. दोन गोलपोस्ट, एका बाजूला गवताचा उतार, आणि पाऊस पडला की म्हशी डुंबाव्यात असं तळं. शनिवारी सामना बघायला माणसं किती? आम्ही दोघं आणि गोलकीपरची आई! "इथं स्टेडियम होणार बघ," शशी म्हणायचा. मी म्हणायचो, "आधी चिखल काढ."

त्यानं खरंच आधी चिखल काढला. मैदानाखालून पाणी जायला पाइप घातले, आणि नंतर कितीतरी महिने पाऊस थांबला की बूट हातात घेऊन हा गृहस्थ अनवाणी फिरायचा, कुठं पाय रुततो ते बघत. मग उतारावर सिमेंटच्या चार पायऱ्या आल्या, चाराच्या आठ झाल्या. "पण बसणार कोण?" असं त्याला प्रत्येक मीटिंगमध्ये विचारायचे, आणि हा पठ्ठ्या दर वेळी सांगायचा, "आधी बसायला जागा तर करा!" छप्पर आलं, दिवे आले, निळ्या खुर्च्या आल्या. मधल्या काळात आमची लग्नं झाली, मी बिशानला राहायला गेलो, त्याचे केस गेले. प्रेक्षक मात्र काही केल्या वाढेनात.

तरी शशी माझी जागा धरायचा. इथं हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवायला गेलं की टेबलावर टिश्यूचा पुडा ठेवून जागा धरतात. त्या पुड्याला कुणी हात लावत नाही. शशी तसा पुडा माझ्या खुर्चीवर ठेवायचा, आणि आजूबाजूला सगळ्या खुर्च्या रिकाम्या! "अरे वेड्या, कोण येतंय पळवायला?" मी हसायचो. तो म्हणायचा, "कुणीतरी यायचंय असं दिसू दे की!"

यंदा समोरच्या बाजूची नवी गॅलरी पुरी झाली. तिच्या पहिल्या सामन्याला सगळं कॉलेज लोटलं, जागा पुरेना. सकाळपासून शशीचे चार फोन. मी "निघालोच" असा मेसेज केला आणि सोफ्यावर आडवा झालो. खोटं कशाला बोलू, काम काही नव्हतं. निव्वळ आळस. जाग आली तेव्हा सामना संपला होता. फोन केला, तर चिडलासुद्धा नाही. "अरे, आज पहिल्यांदा जागा खरोखर धरावी लागली," म्हणाला. "पोरं उभी होती रे... पण मी नाही दिली." मी म्हटलं, पुढच्या शनिवारी नक्की. त्या शनिवारच्या आधी, गुरुवारी, वहिनींचा फोन आला.

गेल्या शनिवारी मी गेलो. वहिनींनी त्याच्या पिशवीत निघालेला टिश्यूचा पुडा माझ्याकडे दिला होता. माझ्या खुर्चीवर बसलो आणि पुडा शेजारच्या, त्याच्या खुर्चीवर ठेवला. बघता बघता गर्दी झाली. कॉलेजातली एक मुलगी जवळ आली.

"अंकल, हिअर गॉट पीपल ऑर नॉट?" इथं कुणी आहे का, हे इथल्या इंग्रजीत असं विचारतात.

"गॉट," मी म्हणालो.

ती बिचारी कठड्याला टेकून उभी राहिली. सामना कुणी जिंकला ते मला ठाऊक नाही, मी सारखा फाटकाकडे बघत होतो... नव्वद मिनिटं केवढी मोठी असतात रे, शशी.