डब्याला भोक

फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा दिसला की आक्का तो दोन्ही पायांत धरायच्या, वर जाड खिळा टेकवायच्या आणि दगडाने ठोकायच्या. भोक पडलं की डब्यालाच म्हणायच्या, "आता जा कुठं जायचं ते."

इंदापूरकडच्या बावड्यात त्या आमच्या शेजारी राहायच्या. आमच्याकडे पिकावरच्या विषाला औषध म्हणतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल. पूर्वी ते पत्र्याच्या डब्यात यायचं. झाकण घट्ट, म्हणून बायका रिकामा डबा मागून न्यायच्या. कुणी त्यात रॉकेल ठेवी, कुणी गूळ. पुढे डाळिंबं आली आणि मुठीचे पांढरेशुभ्र कॅन आले. ते तर रानात पाणी न्यायला सोयीचेच. आक्कांच्या तावडीतून मात्र एकही सुटत नसे. माझ्या बायकोने तेलासाठी आणलेल्या कोऱ्या कॅनलाही त्यांनी एकदा भोक पाडलं. संध्याकाळी घरची स्टीलची बरणी आणून दिली आणि वर म्हणाल्या, "दिसतूच तसा, मी काय करू?"

एका तोडणीला प्रकरण तापलं. बागेचा मालक सगळ्यांसाठी ताक घेऊन आला, ते असल्याच कॅनमधून. ऊन मरणाचं. माणसं ओंजळ पुढे करणार तोच आक्कांनी कॅन आडवा केला. ताक मातीत गेलं. मालक लालबुंद झाला; कॅन गरम पाण्याने धुतलाय, म्हणाला.

"धुऊन वास जातू," आक्का शांतपणे म्हणाल्या, "इख न्हाय जात."

मग घरी जाऊन डोक्यावरून हंडाभर पाणी आणलं. पहिला तांब्या मालकालाच दिला. तो घुश्शातच प्यायला, पण पुढच्या तोडणीला त्याचं ताक स्टीलच्या कळशीतून आलं.

यंदा आक्का गेल्या. मी त्यांच्या धाकट्या दिरांजवळ बसलो होतो. पांढऱ्या मिशांचे, गप्पिष्ट गृहस्थ. त्यांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. लहानपणी ते औषधाच्या डब्यातलं पाणी प्यायले होते. तो डबा राखेने घासून, पाणी भरून ठेवला होता नव्या नवरीने, म्हणजे आक्कांनीच. पोराला उलट्या सुरू झाल्या तसं त्याला पाठीवर टाकून त्या सडकेकडे पळाल्या, इंदापूरची गाडी गाठायला.

"वहिनी मला झोपू देईना. पळता पळता राजाची गोष्ट सांगत हुती," ते म्हणाले. "राजा रानात वाट चुकला, तवर गाडी आली. फुडं काय झालं, ते ऱ्हायलंच. मोठेपणी कितींदा इचारलं, तर नुसती हसायची. म्हणायची, घावली असंल की त्याला वाट. तू न्हाय का घरी आलास?"