सहादेवाचं भ्या

भरती व्हायचं होतं ते भिमाजीला. सहादेव नुसता सोबतीला गेला होता.

बेचाळीस साल सरत आलं होतं. लढाईला माणसं हवी होती आणि नगरला भरती जोरात चालली होती. सोनईजवळच्या एका वस्तीवर हे दोघे शेजारी वाढलेले. भिमाजी काटक आणि बोलघेवडा. सहादेव चांगला आडदांड गडी, पण बैलांशी बोलेल तेवढंच माणसांशी बोलायचा. भिमाजीच्या डाव्या डोळ्यात फूल होतं. ते कुणाच्या ध्यानात येणार नाही, अशी त्याची समजूत. डॉक्टरने उजवा डोळा झाकायला लावून बोटं धरली समोर, बिंग फुटलं आणि भिमाजीला भरतीतून काढलं.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सहादेवावर तेवढ्यात सुभेदाराची नजर गेली.

"ए पहिलवान, इकडं ये."

छाती मोजली, वजन झालं, दात बघितले. "जाणार का पलटणीत?" सुभेदाराने विचारलं. सहादेवाला नाही म्हणायचं होतं. पण इतकी माणसं आपल्याकडेच बघताहेत हे पाहून त्याची जीभ टाळूला चिकटली. गप्प राहिला तोच होकार धरून त्याचा अंगठा घेतला गेला. संक्रांत झाली की नगरला हजर व्हायचं, तिथून बेळगावला.

परतीच्या वाटेवर भिमाजी त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. वस्ती आली तसा आपल्या घराकडे वळून चालता झाला.

सहादेवाची आई राहीबाई. नवरा लवकर गेला, एकटीने पोरगा वाढवला. तिने घरोघर गूळ वाटला. बाया सहादेवाकडे नव्याने बघायला लागल्या, म्हातारे हाक मारून पाटावर बसवायला लागले. आणि त्याच दिवसांत सहादेवाच्या आत काहीतरी बसत चाललं, मातीची भिंत पावसाने आतून खचावी तसं.

आधी झोप गेली. मग भाकरीची चव गेली. घास तोंडात फिरत राहायचा, गिळला जायचा नाही. शाळू निसवला होता, म्हणून तो पाखरं राखायला शेतातल्या माळ्यावर जाऊन बसे. हातात गोफण, धोतराच्या ओच्यात दगड. आणि समोर थवेच्या थवे कणसांवर उतरत. त्याला दिसत होतं. हात उचलत नव्हता. वाटेने जाणारे हसायचे, "शिपाई झाला बाबा! आता पाखरं कशाला राखंल?"

भीती पहिल्यांदा तरी नावागावाची होती. बेळगावचं मोठं मैदान त्याच्या डोळ्यांपुढे यायचं. कुणीतरी हिंदुस्थानीत ओरडतंय, सगळी रांग गर्रकन वळतेय आणि आपण एकटेच उलट्या तोंडाने उभे. मग ती नावही सांगेनाशी झाली. दावणीला बैलाने मान हलवली, घुंगरं वाजली तरी छातीत धस्स व्हायचं. उन्हात बसून हातपाय गार पडायचे. कुणी "काय रं, बरा हाईस ना?" म्हटलं की तो "व्हय, व्हय" म्हणायचा आणि तिथून काढता पाय घ्यायचा.

राहीबाईने मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. "नजर लागलीया माझ्या वाघाला," म्हणाली. तो खाली मान घालून बसून राहिला. वाघ म्हटल्यावर त्याला रडू येत होतं.

एका दुपारी तो मोट हाणत होता. बैल धावेवरून उतरायचे, मोट वर यायची, पाणी थारोळ्यात धबाधबा पडायचं. मध्येच त्याने बैल उभे केले आणि विहिरीच्या कडेला जाऊन खाली बघितलं. पाणी काळं, स्वस्थ होतं. तिथं खाली कुणी हाका मारणार नाही, असं त्याच्या मनात आलं. इतकं सहज आलं की त्याचं त्यालाच कापरं भरलं. मागे सरायला हवं हे कळत होतं. पाय जागचे हलत नव्हते.

"सहाद्या!"

भिमाजी बांधावरून येत होता. इतके दिवस मनात कोंडलेलं भांडण करायलाच तो निघाला होता. "माझ्या नशिबाची भाकरी तू उचललीस," हे वाक्यही त्याने जुळवून ठेवलं होतं. पण जवळ येऊन त्याने सहादेवाचा चेहरा बघितला आणि काही न बोलता त्याचं मनगट घट्ट धरून त्याला मागे ओढलं. दोघे चिंचेखाली बसले.

"काय करीत हुतास तितं?"

सहादेवाने मातीत रेघोट्या मारल्या. मग म्हणाला, "भिमा, मला भ्या वाटतंय."

"लढाईचं?"

"लढाई कुनी बगितलीया? मला माजंच भ्या वाटतंय. मी काय करून बसंन, ह्याचं."

  भिमाजी उठला, आसूड घेतला. "तू थारोळ्यापाशी बस. बैल मी हाणतो. संजच्याला म्हातारीला सांगू."

"आयला नगं सांगू!"

"मी सांगनार," भिमाजी म्हणाला. "तू तोंड फिरवून बस पायजे तर."

संध्याकाळी त्याने खरंच सांगितलं. विहिरीचंही सांगितलं. राहीबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. हातातला उंडा तसाच परातीत ठेवून ती पोराकडे बघत राहिली. सहादेवाला वाटलं, आता ही रडेल, छाती पिटेल. पण ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "तुज्या बापालाबी असंच व्हायचं."

सहादेवाने मान वर केली. बाप म्हणजे त्याला आठवायचा तो नांगर खांद्यावर घेऊन चाललेला उंच माणूस.

"भिताडाकडं तोंड करून पडून ऱ्हायचे. जेवन न्हाई, बोलनं न्हाई. मी गावाला सांगायची, अंगात कसकस हाय. दर दोन-तीन सालांनी यायचं."

"मग?"

"जायचं. येळ लागायचा, पर जायचं. मी कडंला बसून ऱ्हायची. दुसरं काय येतंय मला?" मग एकदम तिने पदर तोंडाला लावला. "जाऊ नगंस तू. कोपरगावला मामाच्या उसात ऱ्हा लपून. कुनाला पत्ता लागायचा न्हाई."

सहादेवाने यावर दोन दिवस विचार केला. बापाचं ऐकून त्याची भीती कमी झाली नाही. उलट हे रक्तातूनच आलंय म्हटल्यावर वाढलीच. पण बाप त्यातून उठायचा आणि नांगर धरायचा, हेही आता कळलं होतं. उसात लपून बसलो तर पानं सळसळली तरी पोलीस आले वाटेल. जीव तिथंही असाच उडत राहणार. "जातो," तो आईला म्हणाला. त्यात शूरपणा काही नव्हता. दोन भीतींपैकी त्याने एक उचलली, एवढंच.

भिमाजी त्या दिवसापासून त्याला एकटं सोडेना. पहाट झाली की हाक. दोघे ओढ्याकाठाने पार सोनईपर्यंत चालत जायचे. नगरला ऐकलेले हुकूम भिमाजीने तोंडपाठ केले होते. ते तो खड्या आवाजात ओरडायचा आणि सहादेव ओढ्याच्या वाळूत डावं-उजवं करायचा. चुकायचाही फार. काही दिवस तो उठूच शकला नाही. तेव्हा भिमाजी त्याच्या घोंगडीशेजारी बसून गावच्या कुचाळक्या सांगत राहिला. राहीबाईने ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून त्याला वाटीवाटीने पाजल्या. विहिरीवर त्याला एकटं जायचं नाही, हे तिघांत न बोलता ठरलं होतं.

संक्रांत झाली. निघायच्या दिवशी वस्तीने हलगी लावली, गळ्यात झेंडूची माळ घातली. सहादेव गाडीच्या आडोशाला जाऊन ओकला, तोंड पुसलं आणि गाडीत बसला. घोडेगावहून सर्व्हिस मोटार धरली. नगरपर्यंत भिमाजी बरोबर होता. फाटकाशी त्याला अडवलं, तेव्हा तो म्हणाला, "लई दाटून आलं तर कुनालातरी सांग. गप बसू नगंस. तुला गप बसायची खोड हाय." आणि डोळे पुसत वळला.

बेळगावला पहिल्या पहाटे बिगूल वाजलं. सहादेवाने बूट उलटसुलट घातले, पायाच्या पट्ट्या सुटल्या. मैदानावर त्याला वाटलं होतं तसंच झालं: रांग एकीकडे वळली, हा दुसरीकडे. हवालदार अंगावर धावून आला, शिव्या घातल्या, खांदे धरून त्याला वळवलं आणि पुढच्या चुकलेल्याकडे गेला. जगबुडी झाली नाही. तरी रात्री बराकीत त्याला झोप लागेना. शेजारच्या खाटेवर राहात्याचा गहिनीनाथ नावाचा जवान होता. सहादेव त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, "गड्या, मला लई भ्या वाटतंय."

अंधारातून आवाज आला, "मंग मला काय हितं लगीन लागल्यावानी वाटतंय व्हय? सरक जरा, बसतो तुज्यापाशी."

पहिला महिना त्याने असाच ढकलला. जेवण हळूहळू जायला लागलं. पुढे त्याला पूर्वेकडे दारूगोळ्याच्या कोठारावर पहाऱ्याला धाडलं. लढाई त्याने लांबून, आवाजापुरतीच ऐकली. शेहेचाळीस साली तो परत आला, तेव्हा लोकांनी पराक्रम विचारले. त्याच्याकडे सांगायला नव्हते. तो दोन दिवस नुसता झोपला आणि तिसऱ्या दिवशी औत जुंपलं.

ते दुखणं पुढेही कधीमधी आलं. तोवर लग्न झालं होतं; तो बायकोला सरळ सांगायचा, "केशर, आलंया बग पुना." केशरबाई हातातलं काम बाजूला ठेवायची आणि त्याच्याजवळ येऊन बसायची.