महांतेशची सतार

‘सेम टू सेम’ हे शब्द ऐकले की आजही माझं डोकं फिरतं. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात ऑर्केस्ट्रा म्हणजे दुसरं काय होतं? गायकानं कुणाच्या तरी आवाजात गायचं, वादकांनी कॅसेटवरचा तुकडा जसाच्या तसा काढायचा आणि खाली बसलेल्यांनी ‘सेम टू सेम’ म्हणत मान डोलवायची. हंबीररावांच्या ऑर्केस्ट्रात मी अकरा वर्षं ढोलकी वाजवली. माझ्या शेजारी, ॲम्प्लिफायरच्या आडोशाला, महांतेश गिटार घेऊन बसायचा.

महांतेश गडहिंग्लजचा. घरी भुसार मालाचं दुकान. वडील गेल्यावर थोरल्या भावानं गल्ला धरला, हा सतार शिकायला कोल्हापुरात आला. त्याच्या आईनं, रत्नव्वानं, लहानपणी मठात एकदा सतार ऐकली होती आणि तेवढंच एक वाजवणं तिला मान्य होतं. बाकी सगळं ‘टिंगटिंग’. चार वर्षं शिकल्यावर तिला ऐकवायला म्हणून हा सतार घेऊन एसटीत बसला. निपाणीच्या अलीकडे कुणीतरी सतारीवर कांद्याचं पोतं टाकलं आणि भोपळा उभा फुटला. दुसरी सतार घ्यायची ऐपत नव्हती. पोटासाठी तो गिटारच्या शिकवण्या घ्यायचा, ती गिटारच हातात राहिली.

दुसरा असता तर रडत बसला असता. हा पेटला. म्हणाला, ‘ज्ञानू, सतार आता हिच्यातनंच काढतो.’

सतारीच्या घोडीचा माथा सपाट असतो. तार तिथं निसटती टेकते आणि झणझणते, त्या झणझणीला जवारी म्हणतात. गिटारला ती नसते. महांतेशनं मिरजेला एका सतार करणाऱ्याच्या दारात दोन दिवस बसून ती जवारी कशी घासतात ते बघितलं. मग गिटारच्या तारांखाली, घोडीला लागून, काय काय सरकवलं: पोस्टकार्डाची घडी, काडेपेटीची काडी, कंगव्याचा तुकडा. शेवटी गुलाबी टूथब्रशच्या दांड्याचा बोटभर तुकडा पॉलिश पेपरवर घासत बसला. कणभर घासायचा, लावायचा, ऐकायचा, काढायचा, पुन्हा घासायचा. असे सात महिने. वरच्या दोन तारा सा-पात लावल्या. मींड काढायला, म्हणजे सूर घसरत न्यायला, तार इतकी ओढायचा की बोटांची टोकं चिरायची. आणि एका सकाळी त्या गिटारमधून सतार बोलली. मी डोळे मिटून ऐकली, मला फरक कळला नाही.

हंबीररावांच्या पुतण्यानं, सम्राटनं, त्याच वर्षी नवा की-बोर्ड आणला होता. त्यात सतारीचं बटण होतं, पण आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. हंबीररावांनी सतारीची गाणी महांतेशला दिली. पहिल्याच कार्यक्रमात लोकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. स्टेजवर सतार तर दिसत नव्हती, म्हणून लोकांनी ठरवून टाकलं की हा आवाज की-बोर्डचाच. आणि हंबीररावांनी माइकवर सांगितलं, ‘की-बोर्डवर आमचे सम्राट!’ सम्राट उठला आणि वाकून नमस्कार केला. आयत्या बिळावर नागोबा. पुढच्या कार्यक्रमापासून सतारीच्या तुकड्याला तो की-बोर्डचा आवाज बंद करून नुसती बोटं फिरवायला लागला, मानही डोलवायला लागला.

‘मालक, सतार मी वाजवतोय,’ महांतेश दुसऱ्या दिवशी म्हणाला.

‘आरं, लोकांस्नी गिटार दिसली की गिटारच ऐकू येती. तू गप वाजीव. नाव कुणाचं बी असंना, ऑर्केस्ट्रा आपलाच हाय की.’

आम्ही सात-आठ जण तिथं होतो. सगळे मूग गिळून बसलो. हंबीररावांनी काढून टाकलेल्याला कोल्हापुरात दुसरा कुणी उभा करायचा नाही. हे कारण झालं, माफी नव्हे. तीन वर्षं हे चाललं.

सत्त्याण्णव साली गडहिंग्लजच्या एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम मिळाला. दुपारी चारला, हॉलमध्ये. रत्नव्वा येणार होती. महांतेशनं हंबीररावांकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं: आजच्या दिवस माझं नाव घ्या, माझ्या अव्वाला कळू दे. हंबीररावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ‘दिला शब्द.’

रत्नव्वा दुसऱ्या रांगेत, पदर सारखा करत बसली होती. सुरुवातीचा लांबलचक तुकडा महांतेशनं असा वाजवला, की ढोलकीवरचा माझा हात हलका झाला. म्हातारीनं डोळे मिटले होते. तुकडा संपला, टाळ्या पडल्या, आणि हंबीरराव म्हणाले, ‘की-बोर्डवर आमचे सम्राट!’

मी महांतेशकडे बघितलं. गायिका पहिला अंतरा गात होती तेवढ्यात त्यानं तारांखालचा गुलाबी तुकडा ओढून काढला. पुढचा सतारीचा तुकडा आला तेव्हा त्यानं तोच, सूर न सूर तोच, साध्या गिटारवर वाजवला. सम्राटची बोटं फिरतायत आणि आवाज गिटारचा येतोय, हे सगळ्या हॉलला कळावं म्हणून.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सम्राट बेरकी. त्यानं झटकन दोन्ही हात वर उचलले आणि महांतेशकडे असं बघितलं, जणू ह्यानंच मध्ये येऊन घोळ घातला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ‘ए गिटारवाल्या, गप की! सतार ऐकू दे!’ मागून कुणीतरी चप्पलही दाखवली.

कार्यक्रम संपल्यावर रत्नव्वा स्टेजपाशी आली.

‘काय रे महांता, त्या पोराचं किती चांगलं चाललेलं. मठातल्यावाणी. मधी तू कशाला हात घातलास?’

‘अव्वा, ते मीच वाजवत होतो.’

‘सतार?’

‘व्हय.’

‘तुझ्याकडं सतार कुठं हाय?’

त्यानं मूठ उघडून तो तुकडा दाखवला. तिनं बघितला, आणि माझ्याकडे वळली. मी तिच्या घरी चारदा जेवलो होतो. तिनं माझ्या ताटात स्वतः तूप वाढलं होतं.

‘ज्ञानू, तू तर ह्याच्या शेजारी बसलेलास. खरं बोलतोय का ह्यो?’

हंबीरराव चार पावलांवर वायरी गुंडाळत होते. त्यांचे हात थांबले.

‘ढोलकीच्या नादात मला काय कळलं न्हाई, मावशी,’ मी म्हणालो.

तिनं माझं लगेच खरं मानलं.