तीताच्या पत्रावरची भाष्यं

पाळकसाहेबांनी आमच्या मंडळीच्या वडिलांमधून, म्हणजे चर्चच्या कारभारी ज्येष्ठांमधून, माझं नाव कापलं, ते बायबलातल्या तीताच्या पत्रातल्या एका ओळीवर. मंडळीचा वडील रागीट नसावा. कबनूरचे मोडीत निघालेले यंत्रमाग घेऊन, सुटे भाग विकून मी शून्यातून उभा राहिलो. चर्चच्या छपराचे पत्रे भाव पाडून मीच आणले. आणि भर सभेत ही ओळ.

ते वारल्यावर त्यांचे भाष्यग्रंथ विकायचे आहेत असं कळलं. रविवारी वार्षिक सभा होती. एवढ्या विद्वानांनी त्या ओळीतून एखादी पळवाट ठेवली असेलच. ती दाखवून मी नाव परत लावून घेणार होतो.

त्यांच्या घरी गेलो आणि सवयीनं खोट काढायला लागलो. वाळवी लागलीय, शिवण सुटलीय. पाळकबाई घासाघीस करेनात. कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुमचा बांधून ठेवलाय की. तुम्हीच येणार, असं ते सांगून गेल्यात."

मी भाव विचारला.

"भाव न्हाय."

भाव न करता मी आयुष्यात माल उचलला नव्हता. हा उचलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गठ्ठा सोडला. पहिल्या भाष्यात थेट ती ओळ गाठली. समासात पेन्सिलीनं साहेबांचं बारीक अक्षर: 'इथून सुरुवात करू नकोस. आधी सगळं पत्र वाच.' शिकायला येणाऱ्या सगळ्यांनाच ते हे सांगायचे, अशी मनाची समजूत घातली आणि दुसरं भाष्य उघडलं. त्याच ओळीपाशी: 'इथंही तेच शोधतोयस.' तिसरं उघडायला हात होईना.

ही पत्रं मंडळीत मोठ्यानं वाचली जात, असं भाष्यात होतं. रिकाम्या दुकानात मी मोठ्यानं वाचायला लागलो. त्या ओळीशी अडखळलो. मागं, मागांच्या ढिगाकडून कुणीतरी घसा खाकरला. पाळकसाहेब वचन वाचण्याआधी खाकरायचे, तसाच.

"कोण हाय रं तिकडं?" मी धावून गेलो. कोणी नव्हतं. लोखंडावर आपटून माझाच आवाज परत आला. चर्चच्या म्हाताऱ्या राखणदारावर मी ह्याच आवाजात ओरडलो होतो. तो पुन्हा कामावर आला नाही.

रविवारी अध्यक्षांनी माझं म्हणणं विचारलं. भाष्यं पिशवीतच राहिली. मी उभा राहिलो आणि पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, ती ओळ न गाळता. नावाचा विषय काढला नाही.

तरी सांगतो, साहेबांनी घरी बोलावून सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं. बहुतेक.