धरणाच्या मधोमध मी, काका अन् पॉलिथिन

मंडळी, आज मरता मरता वाचलो. आमचं शेत धरणाच्या पलीकडं, त्यामुळं रोज काकांच्या मोटरबोटीतूनच जावं लागतं.

मधोमध गेलो अन् इंजिन आचके देऊ लागलं. प्लग पुसला, पंख्यातलं गवत काढलं, तरी बंदच पडलं. वारा बोटीला बुडालेल्या बाभळींकडं ढकलून राहिला होता.

मग टाकीकडं बघितलं. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यावरच पॉलिथिन, वरून रबर करकचून आवळलेलं! टाकीत हवाच जाईना, तर पेट्रोल इंजिनाला येणार कुठून?

"उन्हानं पेट्रोल उडून जातंय, म्हणून बांधलं," काका म्हणाले.

पॉलिथिन फाडलं. दोन हिसक्यांत इंजिन सुरू.

काठावर उतरून मागं बघतो, तर काका खिशातून दुसरं पॉलिथिन काढून राहिले!

शेत पलीकडं, बोट एकच अन् काका सख्खे. सांगा, उद्या काय करू?