लग्न न झाल्याचा दाखला

पोळ्या लाटणाऱ्या बाईला लोक भिंत समजतात. तिच्यासमोर काहीही बोलतात! इथे नेदरलँड्समधे, हूफडॉर्पला, गेली अठरा वर्षं मी घरातून डबे देते, आणि डबा न्यायला आलेलं प्रत्येक पोर ओट्याला टेकून व्हिसाचं रडगाणं गातं. बायकोचा व्हिसा, नवऱ्याचा व्हिसा, लग्न न केलेल्या पार्टनरचा व्हिसा. कणीक संपते, किस्से संपत नाहीत.

*

सुरुवात स्वतःपासून करते, म्हणजे कुणी रुसायला नको.

आमचे हे इथे हॉटेलात आचारी. त्यांनी मला बोलावून घेतलं, तेव्हा कागद तपासणाऱ्या बाईंनी दोन दाखले शेजारी शेजारी ठेवले. शाळेच्या दाखल्यावर द्वारका, लग्नाच्या दाखल्यावर शालिनी.

बाई एकदम गंभीर. "शालिनी आली. द्वारकाशी घटस्फोट झालाय का?"

हे घामाघूम! म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात बायकोचं नवीन नाव लिहितात."

बाईंनी नोंद केली आणि विचारलं, "ते तांदूळ आणलेत का?"

*

आल्मेरेच्या नीलेशला सांगण्यात आलं, बायकोबरोबरचे फोटो जोडा. लग्नाचे आठशे फोटो, आणि प्रत्येकात दोघांच्या मध्ये कुणीतरी. कधी आत्या, कधी मामा, कधी नुसतीच आईस्क्रीमची वाटी धरलेला हात.

"हनिमूनचे लाव की!" मी म्हटलं.

उघडले. बाकावर ती एकटी. त्याच बाकावर हा एकटा. परक्या माणसाच्या हातात फोन द्यायचा नाही म्हणे!

"बरोबर गेला होतात ना रे, की पाळीपाळीने?"

बराच वेळ शोधल्यावर एक सापडला. दोघं एकत्र, जरा तिरके, मुंडकी अर्धी कापलेली. पण एकत्र!

"हा कुणी काढला?"

"आईने."

*

आता केतकी. माझ्या वरच्या मजल्यावर राहते, मूळची मिरजेची, ऑफिसात मोठी साहेब. तिची मुग्धा मिरजेत दातांची डॉक्टर. सात वर्षांचं प्रेम. इथे दोन बायकांची जोडीदार म्हणून रीतसर नोंदणी होते, खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत. कुणी वळूनही बघत नाही. पण आधी मुग्धा इथे यायला हवी ना! त्यासाठी नात्याचा पुरावा लागतो, आणि दोघींचंही लग्न झालेलं नाही असा गावाकडचा दाखला.

पुरावा म्हणून केतकीने चॅट काढलं. भाषांतराला टिलबर्गच्या एका मराठी बाईंकडे दिलं. "जेवलीस?" "हो. तू?" "हो." "काय केलेलं?" "मेथी." अशी चाळीस पानं!

बाईंचा फोन आला. "अहो, यात प्रेम कुठे आहे?"

केतकीने फोन माझ्या कानाला लावला. मी म्हटलं, "सात वर्षं रोज विचारतेय ती. तुमचे हे विचारतात का?"

बाई म्हणाल्या, "डबा टिलबर्गला पाठवता का हो?"

*

दाखल्यासाठी केतकीने बाबांना फोन केला. बाबा निवृत्त तलाठी. मुग्धा म्हणजे लेकीची मैत्रीण, एवढंच त्यांना माहीत.

"बाबा, माझं लग्न झालेलं नाही असा दाखला हवाय."

"हेतू काय लिहू? हेतूशिवाय दाखला निघत नाही."

"लिहा काहीतरी."

झालं! लेकीने स्वतःहून दाखला मागितला, म्हणजे लग्नाला तयार आहे. संध्याकाळपर्यंत फोनवर तीन स्थळं. एकाची तर पत्रिकाही जुळवून झालेली!

"छान आहे गं हा," मी म्हटलं, "याला पण मैत्रीण म्हणून आण."

केतकी हसली नाही.

*

कारण खरं घोडं मुग्धाच्या दाखल्यावर अडलं होतं. साक्षीला ओळखीतलं जाणतं माणूस हवं, आणि तिचा भाऊ म्हणाला, "मी सही करणार नाही. दुसऱ्या कुणाला करू देणार नाही." दाखला नाही तर अर्ज नाही. केतकी ओट्याशी रडायला लागली. मी आधी परात बाजूला सरकवली, मग भावाला फोन लावला.

"बहिणीचं लग्न झालंय का रे?"

"नाही."

"मग तेवढंच लिहायचंय, मेल्या! खोटं लिही म्हणतेय का मी?"

त्याने फोन ठेवला आणि मला ब्लॉक केलं. एवढा इंजिनिअर माणूस, आणि चौथी पास बाईला घाबरला!

*

महिन्याभराने मिरजेहून पाकीट आलं. केतकीने माझ्यासमोरच फोडलं. आत दाखला, शिक्के जागच्या जागी. तलाठ्याचं काम ते! हेतूच्या रकान्यात लिहिलेलं, "विवाह".

"बघ, तुला खपवूनच राहणार हे," मी म्हटलं.

तिने कागद उलटला. मागे टाचणीने दुसरा दाखला लावलेला. नाव मुग्धाचं. हेतू तोच, अक्षर तेच. साक्षीदार म्हणून बाबांची सही.

केतकीने बाबांना फोन लावला. मीच स्पीकरवर टाकला.

"बाबा..."

"मिळालं का पाकीट? शिक्के तपासून घे. आणि ठेव आता, नंतर बोलू. ही मुग्धा कधीची येऊन बसलीय, अजून जेवली नाहीये पोर."