टिमकीची टिकटिक

तिला सगळे टिमकी म्हणत, आणि त्यात म्हणणाऱ्यांची काही चूक नव्हती. जेवताना ताट, बसमधला दांडा, बँकेतलं काउंटर, जे हाताला लागेल ते ती वाजवायची. चाळिशी उलटली तरी खोड गेली नाही. आता तर त्या खोडीवरच तिचं पोट चालत होतं. टिमकी क्लबांसाठी नाचाचं संगीत बनवायची.

ध्वनिमुद्रण सांभाळायचा तिचा धाकटा भाऊ. ताईचं डोकं तिरपं चालतं, असं त्याचं ठाम मत. क्लबांतल्या नाचाच्या संगीताचे दोन पंथ, हाऊस आणि जंगल. हाऊसवाले एका चालीत निवांत नाचतात, जंगलवाले वाघ मागे लागल्यासारखे धावतात, आणि दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. ताईने त्यांना एकाच गाण्यात कोंबलं. हाऊसचे तीन ठोके पडतात तेवढ्या वेळात जंगलचे चार बसवले आणि मधल्या फटी पत्र्याच्या डब्यांनी, लाकडी खोक्यांनी भरून काढल्या. संगणकातले तयार आवाज उचलणं तिला कमीपणाचं वाटे. प्रत्येक ठोका हाताचा! कपडे वाळत घालायच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून हा कारखाना चाले. समोर माइक, कानाला हेडफोन आणि त्यात लय धरून ठेवणारी टिकटिक.

यंदा एका मोठ्या क्लबने तिच्याकडे प्रथमच तासभराचं संगीत मागितलं. दोघं हरखून कामाला लागले आणि घोडं अडलं ते नेमकं त्या टिकटिकीवर. ती हेडफोनमधून बाहेर झिरपून माइकमध्ये जात होती. नवशिके करतात ही चूक. ताईच्या हातून ती कधी झाली नव्हती.

"ताई, हेडफोनचा आवाज कमी कर ना."

"माइक बदल. भंगार आहे तुझा."

माइक बदलला. टिकटिक वाढलीच. शेवटी भावाने ठोके बाजूला काढले, नुसती टिकटिक ठेवली आणि ताईला शेजारी बसवून ती लावली. संगणकाच्या पडद्यावर आवाजाच्या रेघा नाचू लागल्या. ताईने डोळे मिटून मान डोलावली.

"हो रे, येते खरी. काढून टाक."

तेव्हा भावाच्या लक्षात आलं. स्पीकर सुरू करायचाच राहून गेला होता.

"ताई, स्पीकर बंद आहे."

टेबलावर चाललेली तिची बोटं थांबली. ती अशी थांबलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

"बारीक आवाज गेलेत, म्हणून टिकटिक मोठी करत गेले," ती म्हणाली. "पाखरं, दाराची बेल, तुझी कुरकुर. कुरकुरीचं काही वाईट वाटत नाही म्हणा." मग तिचा चेहरा पडला. "कुणाला सांगू नकोस. हेही गेलं तर मी काय करू रे?"

त्याला तिचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. तो तिला ओढतच कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. गेलेलं परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. उरलंय ते टिकवायचं असेल तर हेडफोन बंद.

टिकटिकीशिवाय ताई वाजवायला बसली खरी, पण रंगात आली की पुढे पळायची आणि तीन-चारचा मेळ विस्कटायचा. दोन दुपारी वाया गेल्या. तिसऱ्या दुपारी भाऊ तिच्या मागे स्टूल टाकून बसला. हेडफोन स्वतःच्या कानाला लावले, आवाज अगदी बारीक ठेवला आणि बोटाने तिच्या पाठीवर लय देऊ लागला.

"हळू! पाठ आहे ती, खोकं नाही."

त्या दिवशी मेळ जमला. संध्याकाळी त्याने एकट्याने ऐकून पाहिलं. टिकटिकीचा मागमूस नव्हता, पण ठोक्यांच्या मध्ये कुणीतरी नाक ओढत होतं. ताईला ते कधीच ऐकू आलं नसतं. तरी त्याने तिला हाक मारली.

"ताई, ध्वनिमुद्रण बिघडलंय. मी मधे मधे रडलोय बहुतेक."

"बहुतेक?" टिमकीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. "ठोक्यावर रडलायस का?"

त्याने रेघा पाहिल्या. "नाही. जरासं मागे पडतंय."

"मग राहू दे," ती म्हणाली. "पुढे पळालं असतं तर काढायला लावलं असतं."